मिटलेल्या भेगा

उत्तर टेक्सासात, फोर्ट वर्थ शहराच्या आसपास, जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर बार्नेट नावाचा काळा खडक आहे. विहीर खोदताना त्याचा दंडगोल तुकडा वर काढतात. भूवैज्ञानिक त्याला कोअर म्हणतात. हा कोअर हातात घेतला की शाळेतली दगडी पाटी आठवते. तसाच काळा, तसाच थराथरांचा. प्रकाशात तिरका धरला तर त्यात एक पांढरी उभी रेघ दिसते, केसाएवढी बारीक, अनेकदा त्याहूनही बारीक. जरा बाजूला सरकून दुसरी, तिच्या पुढे तिसरी. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या या रेघा एकीला लागून एक चढत गेलेल्या असतात. ही खडकातली जुनी भेग. तिच्यात कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज, भरलं आणि ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच मिटली.

शेलमधल्या तेल-वायूची गोष्ट बहुतेकदा माणसाच्या ताकदीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. प्रचंड पंप, लाखो लिटर पाणी, वाळूचे डोंगर, आणि मग खडक फुटला, वायू आला. मला ही गोष्ट अर्धीच वाटते. खडक आधी कुठे फुटला होता आणि फुटलेलं कुठे सांधलं गेलं, हे माहीत नसेल तर आपण आत दाबलेलं पाणी कुठे गेलं हे सांगताच येत नाही. या प्रकरणात त्या पांढऱ्या रेघांकडे नीट पाहायचं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला भेगेचं महत्त्व नव्याने पटवावं लागत नाही. आपल्याकडे विहीर खणताना कातळ लागला की सगळ्यांचे डोळे चिरा शोधू लागतात. घट्ट बेसाल्टच्या पोटात स्वतःचं पाणी फारसं नसतंच. ते असतं सांध्यांत, भेगांत, दोन लाव्हाथरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात. झरा लागला म्हणजे भेग लागली. त्यामुळे भेग म्हटलं की आपल्या मनात उघडी, वाहती भेगच येते. शेलपाशी येताना ही सवय थोडी बाजूला ठेवावी लागते.

शेल म्हणजे शांत पाण्याच्या तळाशी बसलेला बारीक चिखल. बार्नेटचा चिखल साधारण 33 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात शेवाळ आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष मिसळले, तळाशी प्राणवायू कमी असल्यामुळे ते पुरते कुजले नाहीत, वर हजारो फूट गाळ चढला आणि खालच्या उष्णतेत त्या अवशेषांचं आधी तेल, मग वायू झाला. त्यातला काही निसटून वरच्या वालुकाश्मात, चुनखडकात गेला. गेल्या शतकातले बहुतेक तेलक्षेत्र शोधणारे त्याच निसटलेल्या भागाच्या मागे होते. जो जन्मस्थानीच अडकून राहिला तो इतक्या लहान छिद्रांत आहे की साध्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसत नाहीत. 2009 साली रॉबर्ट लाउक्स, रॉबर्ट रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्नेटमधल्या सेंद्रिय कणांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं प्रसिद्ध केली. त्यात स्पंजासारखी भोकं दिसतात. त्यांचा नेहमीचा आकार 100 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे आठशेवा हिस्सा.

द्रव किंवा वायू खडकातून किती सहज जाऊ शकतो, त्या गुणाला पार्यता म्हणतात. चांगल्या वालुकाश्माच्या तुलनेत शेलची पार्यता दहा लाख पटींनी कमी असू शकते. अशा खडकात छिद्रापासून जवळच्या मोकळ्या वाटेपर्यंतचं अंतर हाच कळीचा प्रश्न ठरतो. हे अंतर निम्मं केलं तर वायू बाहेर यायला लागणारा वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून एका मोठ्या रुंद भेगेपेक्षा जवळजवळ असलेल्या शेकडो बारीक भेगा जास्त कामाच्या. खडक किती दाट जाळीत फुटतो यावर विहिरीचं नशीब ठरतं, आणि ती जाळी विणताना जुन्या भेगा पुढे येतात.

या भेगा आल्या कुठून? काही भूकवचाच्या हालचालींतून. डोंगर उभे राहताना खडक दाबला, वाकवला जातो, तेव्हा तडे जाणारच. पण काळ्या शेलच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते मला फार विलक्षण वाटतं. घन सेंद्रिय पदार्थाचा तेल-वायू झाला की त्याला आधीपेक्षा जास्त जागा लागते. बाहेर जायला वाट नसते. दाब वाढत जातो आणि एका क्षणी तो खडकाला आवळून धरणाऱ्या जोरापेक्षा वरचढ होतो. खडक चिरतो. चीर पुढे सरकते तसा तिच्यातला दाब उतरतो, चीर थांबते. आजूबाजूचा वायू पुन्हा तिच्यात झिरपतो, दाब चढतो, चीर आणखी थोडी सरकते. आज आपण पंपांनी जे करतो ते खडकाने स्वतःच्या पोटातल्या वायूच्या जोरावर कोट्यवधी वर्षांपूर्वी करून ठेवलेलं आहे.

याचा पुरावा उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावाजवळ टॉघॅनॉक नावाचा धबधबा आहे. तिथल्या ओढ्याचा तळ फरशी बसवल्यासारखा दिसतो, कारण सरळ सांध्यांच्या दोन रांगा एकमेकींना छेदत गेल्या आहेत. कॉर्नेल विद्यापीठातल्या पर्ल शेल्डन यांनी या भागातले सांधे मोजून 1912 साली त्यांवर निबंध लिहिला. कितीतरी दशकांनी भूवैज्ञानिक टेरी एंगेल्डर आणि त्यांचे सहकारी याच परिसरात हिंडले. सांध्याच्या सपाट भिंतीवर पिसासारखी नक्षी उमटलेली असते. मधला कणा आणि त्यापासून फुटणाऱ्या रेषा. ती वाचली की चीर कुठे सुरू झाली, कोणत्या दिशेने गेली आणि कुठे कुठे थांबली ते कळतं. इथाकाच्या सांध्यांवर थांबत-थांबत पुढे गेल्याच्या खुणा एकामागून एक दिसतात. खडक एकाच तडाख्यात फुटला असता तर अशी नक्षी उमटली नसती.

याच राज्याच्या पश्चिमेला फ्रेडोनिया नावाचं गाव आहे. तिथे ओढ्याच्या काठी खडकातून बुडबुडे येत, ते पेटत. 1820 च्या दशकात विल्यम हार्ट यांनी तिथे 27 फूट खोल विहीर खणली आणि त्या वायूवर गावात दिवे लागले. अमेरिकेतली वायूसाठी खणलेली ही पहिली विहीर मानतात, आणि ती शेलमधली होती. पुढे विसाव्या शतकात पूर्व केंटकीत बिग सँडी नावाचं मोठं शेलवायूचं क्षेत्र उभं राहिलं. तिथे विहिरीच्या तळाशी स्फोटकं उडवून आसपासच्या नैसर्गिक भेगांना जोडून घेत. या सगळ्या अनुभवातून एक समजूत पक्की झाली: शेलमधून वायू हवा असेल तर उघड्या नैसर्गिक भेगांचा पट्टा शोधा. समजूत चुकीची नव्हती, पण ती त्या उथळ, जुन्या क्षेत्रांपुरती खरी होती.

ती समजूत घेऊनच लोक बार्नेटकडे आले.

टेक्सासातले तेल-वायू उद्योजक जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने 1981 साली वाइझ काउंटीत बार्नेटमधली पहिली विहीर घेतली. पुढची सतरा-अठरा वर्षं हा खडक त्यांना वायू देत होता, पण परवडेल एवढा नाही. 1991 मध्ये गॅस रिसर्च इन्स्टिट्यूटच्या मदतीने एक आडवी विहीरही घेऊन पाहिली. उघड्या उभ्या भेगा असतील तर आडवी विहीर त्यांना एकामागून एक छेदत जाईल, हा साधा हिशोब. पण बार्नेटमधल्या भेगा बहुतेक मिटलेल्या निघाल्या.

इथे खडक फोडण्याच्या शास्त्राबद्दल थोडं सांगायला हवं. किंग हबर्ट आणि डेव्हिड विलिस यांनी 1957 साली एक सुंदर प्रयोग मांडला. पारदर्शक जिलेटिनच्या गोळ्याला एका बाजूने दाबून त्यात त्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसचं पातळ मिश्रण सोडलं. मिश्रणाने जिलेटिन चिरलं, मग ते घट्ट झालं आणि चिरेचा साचाच हाती आला. चीर दर वेळी एकाच नियमाने गेली: जिकडून दाब सर्वांत कमी, तिकडे तिची दोन तोंडं उघडली. खोल जमिनीत वरचं ओझं सहसा सर्वांत जास्त असतं, म्हणून चीर उभी जाते आणि आडव्या दाबांपैकी मोठा दाब ज्या दिशेला, त्या दिशेला धावते. या नियमाने पाहिलं तर विहिरीच्या दोन्ही बाजूंना दोन सरळ पंख पसरावेत, बस्स. पुस्तकांत अनेक वर्षं हेच चित्र छापलं जात होतं. जिलेटिनमध्ये ते खरंच आहे, कारण जिलेटिनला जुन्या भेगा नसतात.

मिचेल यांच्या कंपनीत सुरुवातीला घट्ट, जेलीसारखा द्रव वापरत. वाळू वाहून नेण्यासाठी द्रव घट्टच हवा, असा सगळ्यांचा विश्वास होता, कारण भेग पुन्हा मिटू नये म्हणून वाळूचे कण पाचरीसारखे आत राहायला हवेत. निक स्टाइन्सबर्गर हे तिथले तरुण अभियंते. एका विहिरीवर मिश्रण चुकून फार पातळ झालं आणि तरीही काम बरं झालं, हे त्यांच्या लक्षात आलं. पूर्व टेक्सासातल्या वालुकाश्मात दुसरी एक कंपनी जवळजवळ साधंच पाणी वापरते हेही त्यांनी ऐकलं होतं. 1997 मध्ये त्यांनी बार्नेटमध्ये पाणी वापरून पाहिलं. पहिले प्रयत्न फसले. 1998 मध्ये एस. एच. ग्रिफिन क्रमांक 4 या विहिरीवर ते जमलं, इतकं की पुढे सगळा उद्योगच त्या वाटेने गेला. 2002 मध्ये डेव्हन एनर्जीने मिचेल यांची कंपनी 3 अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतली.

पाण्याने काय साधलं? खर्च वाचला हे झालंच. पण घट्ट जेल खडकात एक रुंद चीर पाडून सरळ जातो. पातळ पाणी जिथे जरा कमकुवत जागा सापडेल तिथे शिरतं. खडकात होत असलेली ही घुसखोरी शेजारच्या विहिरीत ठेवलेल्या संवेदकांनी ऐकता येते, कारण प्रत्येक छोटी भेग सरकताना अगदी क्षीण कंप होतो. सहस्रकाच्या सुरुवातीला बार्नेटमध्ये या सूक्ष्मकंपांचे नकाशे काढले गेले, तेव्हा दोन पंख दिसले नाहीत. दिसला शेकडो फूट रुंद पट्टा. नव्या चिरा नियमाप्रमाणे ईशान्य-नैऋत्य धावत होत्या, पण पाणी त्यांना जवळजवळ काटकोनात छेदणाऱ्या दिशेनेही पसरत होतं. कोअरमधल्या पांढऱ्या रेघांची दिशा हीच. अपेक्षित वाटेवर नसलेल्या शेजारच्या विहिरीही अचानक पाण्याने भरून बंद पडल्या. पंख मानणाऱ्याला याचा अर्थ लावता येत नव्हता. जाळी मानली की अर्थ लागतो.

पण भेगा मिटलेल्या होत्या ना? मग पाणी त्यांत शिरलं कसं?

याचं उत्तर टेक्सास विद्यापीठातल्या ज्युलिया गेल, रॉबर्ट रीड आणि जॉन होल्डर यांनी 2007 साली दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला हाच सर्वांत बोलका शोध आहे. वालुकाश्मातली भेग क्वार्ट्झने भरते तेव्हा नवा स्फटिक भिंतीतल्या वाळूच्या कणांवरच वाढतो. दोन्ही एकाच खनिजाचे, त्यामुळे सांधा पक्का बसतो. शेलच्या भिंतीतले बहुतेक कण कॅल्साइटपेक्षा वेगळ्या खनिजांचे. त्यावर कॅल्साइटला धरायला आधार मिळत नाही. तो भेग भरतो, पण भिंतीला नीट चिकटत नाही. ओलसर भिंतीवर दिलेल्या गिलाव्यासारखी त्याची गत होते. बाहेरून एकसंध, हात मारला की सुटणारा. त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत मिटलेली भेग असलेला खडक भेग नसलेल्या खडकाच्या साधारण निम्म्या ताणालाच तुटला.

म्हणजे बार्नेटमधली भेग वायूची वाट म्हणून उपयोगी पडत नाही. ती उपयोगी पडते कच्चा सांधा म्हणून. पाथरवट दगडावर छिन्नी ठेवण्याआधी तो कुठे फुटेल ते चाचपतो. इथे ते चाचपण्याचं काम पाणी करतं.

गेल आणि सहकाऱ्यांचा हा शोध नियतकालिकाच्या ज्या अंकात छापून आला, त्याच अंकात केंट बोकर यांचा लेख होता. शेव्हरॉनमधून मिचेलकडे आलेले हे भूवैज्ञानिक. त्यांचं म्हणणं आणखी पुढे जाणारं होतं: बार्नेटमध्ये उघड्या भेगांची भरपूर जाळी असती तर वायू केव्हाच उडून गेला असता. भेगा मिटल्या म्हणून तो टिकला. मोठ्या खंडभ्रंशांजवळच्या, म्हणजे खडक तुटून सरकला आहे तिथल्या, आणि खडक जिथे वाकला आहे तिथल्या विहिरी उलट कमी देतात, हेही त्यांनी दाखवलं. त्याला स्थानिक कारणही आहे. बार्नेटच्या खाली अनेक ठिकाणी एलेनबर्गर हा पाण्याने भरलेला, पोकळ्यांचा चुनखडक आहे. खोल भेग तिथवर पोचली तर विहीर वायूऐवजी खारं पाणी ओकू लागते. केंटकीतल्या माणसाला जो पट्टा सोन्यासारखा वाटला असता, तोच बार्नेटमध्ये टाळायचा असतो.

भेगा भरपूर असल्या तरी खडक फसवू शकतो, याचं मोठं उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. तिथला मॉन्टेरे खडक नैसर्गिक भेगांसाठी प्रसिद्ध आणि तेलासाठी जुना जाणता. 2011 च्या सरकारी अंदाजात त्यातून 15 अब्ज पिंपांहून जास्त तेल मिळेल असं धरलं होतं. 2014 मध्ये तो आकडा 96 टक्क्यांनी कापला गेला. हा खडक इतका घडीव, मोडका आणि जागोजागी वेगळा आहे की एका ठिकाणचा अनुभव शेजारी लागू पडत नाही.

पेनसिल्व्हेनियातला मार्सेलस शेल मात्र भेगांच्या भूमितीचं वेगळंच रूप दाखवतो. एंगेल्डर यांना तिथे सांध्यांच्या दोन रांगा सापडल्या. जुनी रांग पूर्व-ईशान्येकडे जाणारी, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी अ‍ॅपलेशियन डोंगर घडत असतानाची. आणि आजचा सर्वांत मोठा आडवा दाबही जवळजवळ त्याच दिशेला आहे. हा निव्वळ योगायोग. त्यामुळे नव्या चिरा जुन्या सांध्यांना समांतर धावतात, आणि आडवी विहीर वायव्य-आग्नेय रोखाने नेली की ती दोन्हींना छेदते. फ्रेडोनियाच्या विद्यापीठातले गॅरी लॅश आणि एंगेल्डर यांनी 2008 च्या सुरुवातीला मार्सेलसमधून सुमारे 50 ट्रिलियन घनफूट वायू काढता येईल असं जाहीर केलं, म्हणजे त्या वेळच्या अमेरिकेच्या दोन वर्षांच्या वापराइतका. नंतर हा आकडा कमीच ठरला.

भेगांना स्वतःचा धोकाही आहे आणि तो आपल्याला परका नाही. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेला झालेल्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांचं लक्ष शिवसागर जलाशयाकडे गेलं. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की तिच्या दोन भिंती एकमेकींवर कमी जोराने दाबल्या जातात, घर्षण घटतं, आणि आधीच ताणाखाली असलेला खंडभ्रंश सरकू शकतो. कोयनेला हाच प्रश्न जमिनीच्या आत जाऊन तपासण्यासाठी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. अमेरिकेत ओक्लाहोमात 2016 साली 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला तो तेलाबरोबर आलेलं खारं पाणी परत खोल मुरवल्यामुळे. इंग्लंडमध्ये लँकशायरला 2011 साली प्रत्यक्ष फ्रॅकिंगने, म्हणजे पाण्याच्या दाबाने खडक फोडण्याने, 2.3 चा धक्का दिला, तेव्हा काम थांबवलं गेलं. पुन्हा सुरू झाल्यावर 2019 मध्ये 2.9 चा धक्का बसला आणि सरकारने बंदी घातली. एका मिटलेल्या केसाएवढ्या भेगेला जाग येणं हवंहवंसं असतं. किलोमीटरभर लांबीच्या खंडभ्रंशाला जाग येणं परवडत नाही. पाण्याला हा फरक कळत नाही, म्हणून तो आधी माणसाला कळायला हवा.

तो कळण्यासाठी खडक फोडल्यानंतर पुन्हा आत जाऊन पाहणं हाच सर्वांत सरळ मार्ग, आणि सर्वांत महागडा. पश्चिम टेक्सासात रीगन काउंटीत अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मदतीने हे करण्यात आलं. वुल्फकँप खडकातल्या आडव्या विहिरी फोडून झाल्यावर त्यांच्या शेजारून तिरकी विहीर नेली आणि फुटलेल्या भागातून सुमारे 600 फूट कोअर वर आणला. त्यात माणसाने पाडलेल्या 700 हून जास्त भेगा मोजल्या गेल्या. विहिरीच्या नळीला जितक्या जागी भोकं पाडली होती त्या हिशोबाने अपेक्षित होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त. काही ठिकाणी त्या गुच्छाने होत्या, काही ठिकाणी कोराच खडक. वाळू मात्र फार थोड्या भेगांत पोचलेली.

हा कोअर टेबलावर मांडून भूवैज्ञानिकांना प्रत्येक भेगेची वर्गवारी करायची होती: ही निसर्गाची, ही पंपाने पाडलेली, ही केवळ कोअर काढताना झालेली. पिसासारखी नक्षी पाहायची, दिशा मोजायची, कडा हाताळायच्या, कॅल्साइट आहे का ते तपासायचं. बहुतेकांचा निकाल लागतो. अवघड जातात त्या भेगा ज्या जुन्याही असतात आणि नव्याही. दोन अर्धुकं उघडली की एका तोंडावर पांढरा कॅल्साइटचा पापुद्रा चिकटलेला असतो, आणि समोरचं तोंड कोरं, काळं.